समुद्राकडे तोंड केलेली अँटेना

कुणाच्याही घरी गेले की आधी पाण्याचा ग्लास येतो आणि त्यामागोमाग घरातला मोबाइल. रेंज फुल्ल दाखवतो पण बोलता बोलता कट होतो, जरा बघता का, असं म्हणत तो माझ्या हातात दिला जातो. मी मोबाइल कंपनीत होते हे सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे. नेमकं काय करत होते ते मात्र माझ्या नवऱ्यालाही लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं. तो लोकांना सांगायचा, हिला गाडीतून फिरायचा पगार मिळतो. ते फारसं खोटं नव्हतं.

आमच्या कामाला ड्राइव्ह टेस्ट म्हणतात. गाडीच्या मागच्या सीटवर एक स्टँड, त्यात सहा-सात फोन बसवलेले, काही आमच्या कंपनीचे, काही दुसऱ्यांचे. टपावर एक छोटी अँटेना आणि माझ्या मांडीवर लॅपटॉप. एक फोन सारखा कुणाला तरी लागत आणि कट होत राहतो, दुसरा व्हिडिओ उतरवून घेतो, तिसरा नुसता ऐकतो. गाडी जिथून जाईल तो रस्ता लॅपटॉपवरच्या नकाशात रंगत जातो. हिरवा म्हणजे उत्तम, पिवळा म्हणजे चालेल, लाल म्हणजे तिथला ग्राहक आम्हाला शिव्या घालतोय. पनवेल, खांदा कॉलनी, कळंबोली, तिकडे उरण, द्रोणागिरी, न्हावा शेव्याकडचे कंटेनरच्या रांगांनी भरलेले रस्ते, हे सगळं मी अठरा वर्षं असं रंगवलं.

लाल ठिपक्यांमागे कारणं काय काय निघतील याचा नेम नसे. खांदा कॉलनीतले एक निवृत्त प्राध्यापक दर सोमवारी तक्रार नोंदवत. सोबत वही. कुठला कॉल किती वाजता कट झाला, समोर कोण होतं, वाक्य कुठे तुटलं, सगळं सुवाच्य अक्षरात. तीन वेळा त्यांच्या इमारतीखालून गाडी फिरवली, रस्ता हिरवागार. शेवटी वर गेले. फोन पितळेच्या खोल तपेल्यात ठेवलेला होता. का, तर घंटी मोठी ऐकू येते, आणि बोलताना ते स्पीकर लावून त्या तपेल्यातच तोंड घालून बोलत. मी फोन बाहेर काढून टेबलावर ठेवला तर त्यांना ते अपमानासारखं वाटलं. वही मात्र त्यांनी मला भेट दिली.

पण आज लिहायला बसले आहे ते दुसऱ्याच एका लाल पट्ट्याबद्दल. तो मी स्वतःच्या हाताने तयार केला होता.

फाइव्ह-जीची शर्यत सुरू झाली तेव्हाची ही गोष्ट. पनवेल भागात ते आधी कोण सुरू करणार यावरून आमची कंपनी आणि आमच्या तोडीची दुसरी एक कंपनी यांच्यात चढाओढ लागली होती. नाव न घेता आम्ही त्यांना 'समोरचे' म्हणायचो. आधी सुरू करणाऱ्याला 'पनवेलमध्ये पहिले' असे फलक लावायला मिळणार होते, आणि त्याहून मोठं म्हणजे द्रोणागिरीची गोदामं आणि बंदराकडची कंटेनर यार्डं ही गिऱ्हाइकं मिळणार होती. ऑफिसात भिंतीवर उरलेले दिवस लिहिलेला कागद होता. रोज सकाळी कुणीतरी जुना आकडा खोडून नवा लिहायचं.

समोरच्यांकडे माझंच काम करणारा माणूस म्हणजे इक्बालभाई. तळोज्याचा, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. त्याची गाडी आणि माझी गाडी दिवसातून दोनदा तरी समोरासमोर यायची, कारण रस्ते तेच, मापायचं तेच. उरण नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर आम्ही आपापले लॅपटॉप गाडीत कुलूपबंद करून चहा प्यायचो. कामाचं बोलायला दोघांनाही मनाई होती, म्हणून आम्ही मुलांच्या परीक्षा आणि गुडघेदुखी यांवर बोलायचो.

आता थोडं कामाचं समजावून सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. टॉवरवरची अँटेना हातातल्या विजेरीसारखी असते. सरळ धरली तर उजेड लांब जातो पण पायाजवळ अंधुक राहतो. खाली वाकवली तर जवळचं लख्ख दिसतं आणि लांबचं दिसेनासं होतं. ती किती अंश खाली वाकवायची हे ठरवणं माझ्या कामाचा एक मोठा भाग. त्याला टिल्ट म्हणतात.

उरणच्या बाजूला एक टेकडी आहे, तिच्या पायथ्याशी कोळीवाडा. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. टेकडीवरच्या टॉवरवर आमच्याही अँटेना होत्या आणि समोरच्यांच्याही. फाइव्ह-जीच्या नव्या अँटेना चढवताना जुन्याही बदलल्या, आणि त्याच वेळी मी आमचा टिल्ट दोन अंशांवरून आठ अंशांवर आणला. कारण साधं होतं. सिग्नल टेकडीवरून पार पाण्यावर सांडत होता, शेजारच्या टॉवरांना त्रास देत होता, आणि खालचा गोदामांचा रस्ता पिवळा पडत होता. टिल्ट बदलल्यावर तो रस्ता एका दिवसात हिरवा झाला. आमचे राजन सर, म्हणजे या भागाचे प्रमुख, यांनी मीटिंगमध्ये माझा नकाशा पडद्यावर लावला. टाळ्या पडल्या. मला बरं वाटलं, हे कबूल करते.

माझी गाडी चालवायचा बाळाराम. पन्नाशीचा, त्याच कोळीवाड्यातला. सहा वर्षांत त्याने रस्त्याबद्दल सोडून फारसं काही बोलल्याचं मला आठवत नाही. लाँच आठ-नऊ दिवसांवर आलं होतं, त्या आठवड्यात एका सकाळी त्याने गाडी जासई ओलांडल्यावर बाजूला घेतली आणि आरशात बघत विचारलं, "मॅडम, त्या टेकडीवरच्या टॉवरला आपन काय केलेला?"

मी विचारलं, का. मग त्याने सांगितलं. त्याच्या बहिणीचा नवरा नामदेव, लहान होडीचा तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य, दोन खलाश्यांना घेऊन मासेमारीला गेला होता. सकाळी आठच्या सुमाराला इंजिन बंद पडलं. एरवी अशा वेळी मोबाइलवरून दुसऱ्या होडीला फोन लावतात, ती येऊन दोर टाकून ओढून नेते. लहान होडीवर वायरलेस नसतो, मोबाइल हाच आधार. त्या दिवशी तिघांच्याही फोनला रेंज नव्हती. ओहोटीचं पाणी, नांगर धरेना, आणि होडी वाहत वाहत कंटेनरची जहाजं जातात त्या वाटेकडे निघाली. तिघं आळीपाळीने लाल लुगड्याचा तुकडा काठीला बांधून हलवत राहिले. दुपारी एका होडीने पाहिलं आणि ओढून आणलं. सगळे सुखरूप होते.

बाळारामच्या आवाजात राग नव्हता. तो म्हणाला, गावात सगळे सांगतात की दोन महिन्यांपासून पाण्यावर फोन लागत नाही, म्हणून विचारलं. दोन अंश आणि आठ अंश हे आकडे डोळ्यांसमोर आले.

त्याच दिवशी दुपारी मी पनवेलच्या मासळी बाजारात गेले. बाळारामची बहीण हिराबाई तिथे बसते. बोंबलांचा वाटा लावत होती. मी कोण ते सांगितल्यावर तिने सुरी बाजूला ठेवली आणि हात पुसले. कंपनीला तिने तक्रार केली होती, एकदा नाही, चार वेळा. तिने जे सांगितलं ते मी कधी विसरणार नाही.

"पोरगी बोलली, मावशी, पिनकोड सांगा. आता पान्याला पिनकोड कुठला? मी बोलली, माजा नवरा पान्यात हाय. ती बोलली, मावशी, मग तक्रार घेता येत नाय."

फोन फक्त संकटासाठी नव्हता हेही तिच्याकडूनच कळलं. नामदेव पाण्यावरून सांगायचा, आज कोळंबी आहे की नुसती मांदेली, किती आहे. त्यावर ती बर्फ किती घ्यायचा आणि टेम्पो कधी बोलवायचा ते ठरवायची. दोन महिने ती धक्क्यावर नुसती वाट बघत उभी राहत होती. मी तिला खरं सांगून टाकलं, की ती रेंज मीच बंद केली, मला माहीत नव्हतं. तिने सुरी पुन्हा हातात घेतली. मग म्हणाली, "मंग आता माहीत जाला ना?"

ऑफिसात परत आले आणि टॉवरच्या नोंदी काढल्या. टॉवरला जोडला गेलेला प्रत्येक फोन साधारण किती अंतरावर आहे, याची नोंद यंत्र आपोआप ठेवतं. ती कुणी बघत नाही, मीही बघितली नव्हती. टिल्ट बदलण्याआधीच्या आठवड्यांच्या नोंदी उघडल्या तर रोज सकाळी साडेपाचपासून फोनचा एक पुंजका दिसत होता. टॉवरपासून लांब, जिथे नकाशात नुसता निळा रंग आहे तिथे. भरती-ओहोटीच्या वेळेप्रमाणे तो पुंजका रोज थोडा सरकायचा. वर्षानुवर्षं ती माणसं तिथून बोलत होती. मग टिल्ट बदलल्याची तारीख, आणि त्यानंतर रकाना कोरा.

तो कागद घेऊन राजन सरांकडे गेले. सर वाईट माणूस नव्हेत. पण त्यांच्या डोक्यावर मुंबईहून दिवसातून पाच फोन येत होते. त्यांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "वैशाली, नकाशात तिथे लोकसंख्या शून्य आहे."

"सर, ही शून्य माणसं रोज सकाळी एकमेकांना फोन करत होती."

त्यावर ते म्हणाले, लाँचनंतर बघू, आत्ता एकही टॉवर हलवायचा नाही, आणि तू उरणच्या रिपोर्टवर सही करून टाक. त्या सहीशिवाय तो भाग तयार झाला असं धरलं जात नव्हतं. लाँचनंतर म्हणजे काय, हे मला इतक्या वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं. लाँचनंतर पुढचं लाँच असतं.

दुसऱ्या दिवशी उरण नाक्यावर इक्बालभाई भेटला. आमचा नियम मी मोडला आणि त्याला सगळं सांगितलं. त्याने चहाचा ग्लास बाकावर ठेवला. मग म्हणाला की त्यांच्या कंपनीनेही त्याच टेकडीवर तेच केलं आहे, जवळजवळ त्याच आठवड्यात. त्याच्या ते लक्षात आलं होतं, तो एकदा वर बोललाही होता, त्याला गप्प बसवलं गेलं आणि तो बसला. "ताई, मला तेव्हापासून शर्म वाटते," एवढंच तो बोलला. आम्ही एकमेकांना हरवायच्या नादात दोघांनी मिळून एका गावाचा फोन बंद केला होता.

त्या संध्याकाळी मी रिपोर्ट लिहिला. गोदामांचा रस्ता, यार्डं, उरण शहर, सगळं उत्तम असल्याचं लिहिलं, कारण ते खरंच होतं. शेवटी एक परिच्छेद जोडला, की टेकडीवरच्या टॉवरचा टिल्ट मी स्वतः बदलला, त्यामुळे मासेमारीच्या पट्ट्यातली आधी असलेली सेवा बंद पडली, ही चूक माझी आहे आणि ती दुरुस्त झाल्याशिवाय हा भाग तयार आहे असं मी म्हणू शकत नाही. खाली सहीची जागा कोरी ठेवून सरांच्या टेबलावर ठेवला आणि घरी गेले. नवऱ्याला सांगितलं, बहुतेक गाडीतून फिरायचा पगार बंद होणार. तो म्हणाला, मग बसने फिरू. त्याची विनोदाची वेळ नेहमीच चुकते, पण त्या दिवशी चुकली नाही.

सकाळी सरांनी आत बोलावलं. रिपोर्ट समोर उघडा होता. त्यांनी चिडून काही म्हटलं नाही. किती वेळ लागेल, एवढंच विचारलं. मी सांगितलं, एक दिवस, वर चढणारी एक टीम आणि काढून ठेवलेल्या जुन्या अँटेनांपैकी एक. नव्या अँटेनांना हात लावायची गरज नाही, त्या गोदामांकडे बघत राहू देत. जुनी वेगळ्या खांबावर बसवून नुसती पाण्याकडे तोंड करून ठेवायची आणि तिच्यावर लांब जाणारा जुना, कमी वेगाचा सिग्नल सोडायचा. शेजारच्या टॉवरांना त्रास होणार नाही एवढी तिची ताकद ठरवून देते. टीम सगळ्या पनवेलमध्ये अडकलेल्या होत्या. एक सोडली तर स्टेशनजवळचं काम मागे पडणार आणि तारीख चुकणार, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. सरांनी माझ्यासमोरच मुंबईला फोन लावला. पलीकडून बरंच काही बोललं गेलं. सर अधूनमधून फक्त 'हो सर' म्हणत राहिले आणि फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "जा, टीम घेऊन जा."

दोन दिवसांनी सकाळी मी धक्क्यावर पोहोचले. नामदेवने इंजिन दुरुस्त करून घेतलं होतं. उंच, कमी बोलणारा माणूस. बाळाराम गाडीतला स्टँड उचलून होडीत घेऊन आला, आणि बघते तो मागून इक्बालभाई, खांद्यावर पिशवी. म्हणाला, आज छुट्टी टाकली आहे, फिरायला आलो. पिशवीत त्याच्या कंपनीचे दोन फोन होते.

होडीतून ड्राइव्ह टेस्ट मी आयुष्यात पहिल्यांदाच करत होते. फोन जेवणाच्या प्लास्टिक डब्यांत ठेवले, लॅपटॉपवर छत्री धरली. पहिल्या अर्ध्या तासात मला उलटी झाली. नामदेवने न बोलता लिंबू पुढे केलं. मागे टेकडीवर आमची माणसं टॉवरवर चढलेली दिसत होती, मुंग्यांएवढी. त्यांनी जुनी अँटेना बसवली, पण अजून सुरू केली नव्हती. धक्क्यापासून थोडं लांब गेल्यावर आमचे फोन गेले, त्याच्या लगेच पुढे इक्बालभाईचे. उजवीकडून एक कंटेनर जहाज बंदराकडे चाललं होतं, भिंत चालावी तसं. नामदेवने बोट दाखवून सांगितलं, त्या दिवशी आम्ही इथे होतो. जहाजाची लाट आली आणि होडी एवढी हलली की मी दोन्ही हातांनी काठ धरला. इंजिन बंद पडलेली होडी या जागी कशी वाटली असेल, हे मला तेव्हा कळलं. कुठल्याही नकाशावरून ते कळलं नसतं.

ठरल्याप्रमाणे बरोबर दहा वाजता टेकडीवर अँटेना सुरू झाली. लॅपटॉपवर काहीच हललं नाही. एक मिनिट, दोन मिनिटं. दिशा चुकली असेल, केबल सैल असेल, माझ्या डोक्यात यादी सुरू झाली. मग नामदेवच्या खिशातला फोन वाजू लागला. दोन महिने पाण्यावर न वाजलेला. त्याने काढून कानाला लावला. पनवेलच्या बाजारातून हिराबाई होती. बाळारामने तिला दहाची वेळ सांगून ठेवली होती आणि ती मिनिटामिनिटाला लावून बघत होती.

नामदेवने नुसतं ऐकलं, मग म्हणाला, "हा. लागला." थोडं थांबून पुढे, "नाय, आज जाला टाकला नाय. आज माप घेतोय." आणि फोन माझ्याकडे दिला. हिराबाईने विचारलं, जेवलीस का. मी हो म्हटलं. खोटं होतं, पोटात लिंबाशिवाय काही राहिलं नव्हतं.

आम्ही तसेच पुढे गेलो, डोल जाळी लावायच्या जागांपर्यंत. मासेमारीचा सगळा पट्टा मापला. हिरवा नव्हता, पिवळा होता, पण लाल कुठेच नव्हता. परतल्यावर होडीच्या फळीवरच रिपोर्ट ठेवून मी सही केली.

पनवेलमध्ये समोरचे आमच्या तीन दिवस आधी सुरू झाले. मोठमोठे फलक लागले, स्टेशनसमोर फुगे, गाणी. मुंबईहून सरांना काय ऐकावं लागलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. त्या वर्षी त्यांची बढती राहिली. त्याचं मला आजही वाईट वाटतं, आणि ते मी त्यांना सांगितलंही. त्यांनी विषय बदलला.

पण गंमत पुढे झाली. पाण्यावर आमचाच फोन लागतो ही बातमी कोळीवाड्यात पसरली आणि लोकांनी नंबर तोच ठेवून कंपनी बदलायला सुरुवात केली. आधी तांडेल, मग खलाशी, मग घरातल्या बायका, मग शेजारची गावं. समोरच्यांच्या लक्षात आलं तेव्हा अर्धं गाव आमच्याकडे होतं. मग इक्बालभाईने त्या दिवशी होडीत घेतलेली मापं कपाटातून बाहेर काढली आणि साहेबांच्या पुढ्यात ठेवली. महिन्याभरात टेकडीवर आमच्या अँटेनेशेजारी त्यांचीही एक उभी राहिली, पाण्याकडे तोंड करून. जे माझ्या सांगण्याने कधी झालं नसतं ते चढाओढीने झालं. इतकी वर्षं जिला मी मनात नावं ठेवत होते, तिला योग्य दिशा मिळाली तर ती काय करू शकते हे मी तेव्हा पाहिलं.

एक गोष्ट मात्र मनात राहिली आहे. ते एक गाव बाळाराममुळे सापडलं. अठरा वर्षांत मी असे किती टॉवर वाकवले असतील, आणि त्यांच्या पलीकडे कोण बोलत होतं, हे मला कधीच कळणार नाही. म्हणून निवृत्त होण्याआधी मी दोन गोष्टी करून घेतल्या. टिल्ट बदलण्यापूर्वी लांबून जोडल्या जाणाऱ्या फोनांच्या नोंदी बघायच्या, हा नियम आमच्या भागात सुरू झाला. आणि टेस्टच्या फॉर्मवर रस्त्याचा प्रकार लिहायच्या रकान्यात शहर, महामार्ग, ग्रामीण यांच्याखाली सरांनी 'पाणी' असा चौथा पर्याय घालून दिला. माझ्या जागी आलेल्या मुलीने पहिल्याच महिन्यात त्यावर खूण केली, तेव्हा तिने मला फॉर्मचा फोटो पाठवला होता.

गेल्या महिन्यात इक्बालभाईचा फोन आला. आवाजात खुशी लपत नव्हती. म्हणाला, "ताई, आमचा आता तुमच्यापेक्षा अर्धा किलोमीटर लांब लागतो."

मी निवृत्त आहे, मला आता कुणाचं काही मापायचं नाही. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही कंपन्यांचे फोन आणि चार लिंबं पिशवीत टाकून उरणची बस पकडली आणि नामदेवच्या होडीत जाऊन बसले. इक्बालभाई म्हणत होता ते खरं निघालं. त्यांचा अर्धा नाही, जवळजवळ पाऊण किलोमीटर लांब लागत होता. जिथे त्यांचाही संपला तिथून थोडं मागे येऊन मी त्यांच्याच फोनवरून आमच्या ऑफिसात त्या मुलीला फोन लावला आणि सांगितलं, आपण मागे पडलोय, उद्याच कामाला लाग.